दातांचे उपचार आणि स्थानिक भूल : पद्धतींचा तुलनात्मक विचार



मराठी भाषेने दातांना पुष्कळ काम दिले आहे. कुणाच्या दातांच्या कण्या होतात, कुणी कुणावर दात धरतो, कुणी दातओठ खातो. आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही तक्रार तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. प्रत्यक्ष दाढ दुखू लागली की मात्र माणसाची भाषाच खुंटते. गालाला हात लावून तो गप्प बसतो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, दाढेत लवंग धरली जाते, एखादी गोळी घेतली जाते आणि दुखणे थोडे ओसरले की दवाखान्याचे नाव पुन्हा निघत नाही. लवंगेचा उपाय खोटा नव्हे. तिच्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य काही काळ वेदना खरोखरच मंद करते व दंतवैद्यही त्याचा उपयोग करीत आले आहेत. परंतु त्याने कीड थांबत नाही. मग माणूस दवाखाना का टाळतो? पुष्कळदा कारण एकच असते: सुईची आणि त्यानंतरच्या संभाव्य दुखण्याची भीती.

ही भीती अगदीच निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. दंतवैद्याच्या खुर्चीत कधीतरी असह्य कळ सोसलेली माणसे प्रत्येक घरात सापडतात. म्हणून दात बधिर कसा केला जातो, त्याच्या पद्धती किती, कोणती पद्धत कोठे चालते आणि कोठे फसते, हे सामान्य वाचकाने समजून घेणे उपयोगाचे आहे. या विचारातून जी एक गोष्ट पुढे येते ती सुरुवातीलाच सांगितलेली बरी. भीतीपोटी केलेला उशीर हा वेदनेचाच मित्र असतो. कारण जो दात वेळेवर सहज बधिर झाला असता, तोच दात पुढे बधिर करणे कठीण होऊन बसते.

वेदनारहित शस्त्रक्रियेच्या इतिहासाशी दंतवैद्यांचा संबंध अगदी आरंभापासूनचा आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड या गावी होरेस वेल्स नावाचे दंतवैद्य होते. १० डिसेंबर १८४४ रोजी त्यांनी नायट्रस ऑक्साइड म्हणजे हसविणाऱ्या वायूचा एक जाहीर प्रयोग पाहिला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, पण त्याला तिचा पत्ताच नव्हता. दुसऱ्याच दिवशी वेल्स यांनी तो वायू स्वतः हुंगला व आपलीच दाढ सहकाऱ्याकडून उपटून घेतली. पुढे जानेवारी १८४५ मध्ये बॉस्टन येथे डॉक्टरांसमोर प्रयोग करताना मात्र रुग्ण कण्हला आणि वेल्स यांची हुर्यो झाली. आपल्याला फारसे दुखले नाही, असे त्या रुग्णाने नंतर सांगितले. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. पुढच्या वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, वेल्स यांचे एके काळचे सहकारी विल्यम मॉर्टन यांनी त्याच शहरात ईथरचा यशस्वी प्रयोग केला. तेही दंतवैद्यच होते. वेल्स यांचा १८४८ साली अत्यंत करुण अंत झाला.

परंतु एका दातासाठी सगळा माणूस निजविणे हा उपाय मोठा आणि जोखमीचा होता. हवी होती ती केवळ दुखऱ्या जागेपुरती भूल. तिची वाट १८८४ साली व्हिएन्नातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी दाखविली. कोकेनच्या द्रावणाचे थेंब डोळ्यात टाकल्यावर डोळा बधिर होतो, हे त्यांनी सिद्ध केले. लगेचच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड आणि रिचर्ड हॉल या शल्यवैद्यांनी कोकेन सुईवाटे मज्जातंतूजवळ सोडून खालचा जबडा बधिर करून दाखविला. आज खालच्या दाढांसाठी दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या इंजेक्शनचा उगम तेथे आहे. या शोधाची किंमतही जबर होती. स्वतःवर प्रयोग करता करता हॉलस्टेड कोकेनच्या व्यसनात सापडले.

पुढची पायरी जर्मनीत गाठली गेली. आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी तयार केलेले प्रोकेन हे औषध नोव्होकेन या नावाने १९०५ पासून प्रचारात आले. हाइनरिश ब्राउन यांनी भुलीच्या औषधात अ‍ॅड्रिनलिन मिसळण्याची युक्ती रूढ केली. अ‍ॅड्रिनलिनमुळे त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध लवकर वाहून जात नाही आणि रक्तस्रावही कमी होतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यातील डॉक्टर हार्वे कुक यांना बंदुकीच्या काडतुसावरून मोजके औषध भरलेल्या काचनळीची कल्पना सुचली. दंतवैद्यकात त्या नळीला आजही काडतूस या अर्थाचेच नाव आहे. शंभर वर्षांपूर्वी, ग्रंथालयाच्या पहिल्या कपाटांत पुस्तके लागत होती तेव्हा, युरोप-अमेरिकेतील दंतवैद्याच्या पिचकारीत हे नोव्होकेन असे. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले. त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःला टोचून पाहिले. १९४८ पासून बाजारात आलेल्या या औषधाने नोव्होकेनला मागे टाकले. आज भारतातील बहुतेक दवाखान्यांत २ टक्के लिग्नोकेन व त्यात १ : ८०,००० या प्रमाणात अ‍ॅड्रिनलिन हेच मिश्रण वापरले जाते.

हे औषध करते काय? मज्जातंतू, ज्याला बोलीत नस म्हणतात, वेदनेची वर्दी विजेच्या लहरीसारखी पुढे पाठवितो. त्यासाठी त्याच्या आवरणातील सोडियमची सूक्ष्म दारे उघडावी लागतात. भुलीचे औषध ही दारे आतून अडविते. दार अडले की वर्दी मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. दाताला काही होत नाही असे नव्हे. त्याची हाक ऐकू जात नाही, इतकेच. सर्व पद्धतींचे औषध जवळजवळ एकच असते. फरक पडतो तो औषध कोठे सोडले, यात. आणि ते कोठे सोडावे, हे मुख्यतः हाड ठरविते.

वरच्या जबड्याचे बाहेरील हाड पातळ आणि सच्छिद्र असते. दाताच्या मुळाच्या टोकासमोर, हिरडी व ओठ यांच्या खाचेत थोडे औषध सोडले की ते हाडातून झिरपत मुळापर्यंत जाते आणि तीन ते पाच मिनिटांत दात बधिर होतो. हे मुळाजवळचे इंजेक्शन. ते देण्यास सोपे असून फसण्याचे प्रमाणही कमी आहे. सुईही फार खोल न्यावी लागत नाही. दात काढावयाचा असल्यास टाळूच्या बाजूने आणखी एक इंजेक्शन द्यावे लागते आणि ते मात्र बोचते. टाळूची त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असल्याने औषधाला पसरावयास जागाच मिळत नाही. तेथे आधी बोटाने किंवा कापसाच्या बोळ्याने दाब देऊन मग अगदी सावकाश औषध सोडणारा दंतवैद्य रुग्णाचा दुवा घेतो.

खालच्या जबड्याची गोष्ट निराळी. मागच्या दाढांभोवतीचे हाड जाड आणि टणक असते. लिग्नोकेन त्यातून नीट झिरपत नाही. म्हणून नस हाडात शिरते तेथेच तिला गाठावे लागते. ही जागा जबड्याच्या मागच्या उभ्या फांदीच्या आतील बाजूस असते. तोंड पूर्ण उघडून सुई साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर आत न्यावी लागते. हाच खालच्या जबड्याचा ब्लॉक. तो लागू पडला की त्या बाजूचे सर्व खालचे दात, अर्धा ओठ व बहुधा अर्धी जीभही बधिर होते. एका इंजेक्शनात अनेक दातांचे काम होते, हा त्याचा मोठा फायदा. दाढेच्या गालाकडील हिरडीची नस वेगळी असल्यामुळे तिच्यासाठी आणखी थोडे औषध द्यावे लागते.

या ब्लॉकची उणीव अशी की तो नेहमी लागू पडत नाही. निष्णात हातांनी दिला तरी १०० पैकी १५ ते २० वेळा तो अपुरा पडतो, असे पाठ्यपुस्तकेच सांगतात. प्रत्येकाच्या जबड्यात नस आत शिरण्याचे छिद्र थोडे वर, थोडे खाली असते. मुलांमध्ये ते आणखी खाली असते. काहींच्या दाढांना दुसऱ्या एखाद्या उपशाखेतूनही संवेदना पोहोचते. येथेच रुग्ण व दंतवैद्य यांच्यातील एक जुना गैरसमज जन्म घेतो. ओठ जड झाला म्हणजे दात बधिर झाला, असे दोघेही धरून चालतात. प्रत्यक्षात ओठ पूर्ण बधिर असूनही दाताच्या आतील गर जागा असू शकतो. रुग्ण कळवळतो आणि “दुखणे शक्यच नाही, तुम्ही घाबरला आहात” असे उत्तर त्याला मिळते. घाबरलेला तो असतोच. पण त्याला दुखतही असते. ओठाची परीक्षा ही दाताची परीक्षा नव्हे. दाताला थंड फवारा लावून किंवा सूक्ष्म विद्युत्‌प्रवाहाने तपासले, तरच खरे काय ते कळते.

या अडचणीवर निरनिराळे मार्ग निघाले. ऑस्ट्रेलियाचे दंतवैद्य जॉर्ज गो-गेट्स यांनी १९७३ मध्ये नस अधिक वर, जबड्याच्या सांध्याच्या मानेजवळ गाठण्याची पद्धत मांडली. तोंडाचा कोपरा आणि कानाजवळचा उंचवटा या खुणांवरून सुईची दिशा ठरते. येथे नसेच्या शाखा फुटण्याच्या अगोदरच औषध पोहोचते, त्यामुळे सरावलेल्या हातात यश अधिक मिळते आणि सुई रक्तवाहिनीत शिरण्याचा संभवही कमी असतो. मात्र परिणाम दिसावयास पाच ते दहा मिनिटे थांबावे लागते, आणि तोंड मोठे उघडावे लागते.

ज्याचे तोंडच उघडत नाही, त्याने काय करावे? अक्कलदाढेच्या सुजेमुळे जबडा आखडलेले रुग्ण सर्वत्र असतात. आपल्या देशात सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने गालाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड दोन बोटेही उघडू नये, अशा रुग्णांची त्यात भर पडते. अशांसाठी बंद तोंडाची पद्धत आहे. वझिरानी यांनी ती १९६० मध्ये वर्णिली, पुढे १९७७ मध्ये अकिनोसी यांनी स्वतंत्रपणे मांडली; म्हणून दोघांचीही नावे तिला लाभली. दात एकमेकांवर टेकलेले असताना गालाच्या आतून, वरच्या हिरडीच्या पातळीत सुई मागे नेली जाते. येथे हाडाचा आधार लागत नसल्याने अंदाज चुकण्याची शक्यता असते. तरीही बंद दारातून वाट काढणारी ही पद्धत अनेकांना उपयोगी पडली आहे.

पुढच्या दातांसाठी व उपदाढांसाठी एवढा खटाटोप लागत नाही. हनुवटीच्या बाजूस, उपदाढांच्या मुळांजवळ नस हाडातून बाहेर पडते. तेथे दिलेले इंजेक्शन पुरते, आणि जीभ मोकळी राहते.

एकच दात बधिर करावयाचा असेल तर दात व हाड यांच्यामधील सांध्यात, म्हणजे मुळाला धरून ठेवणाऱ्या तंतूंच्या फटीत, औषध दाबाने सोडता येते. प्रत्येक मुळासाठी अवघे ०.२ मिलिलिटर औषध लागते, परिणाम जवळजवळ तत्काळ होतो आणि ओठ-जीभ जड होत नाहीत. ज्यांचे रक्त लवकर गोठत नाही अशा रुग्णांत खोल ब्लॉकमुळे आत रक्त साचण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी ही पद्धत विशेष मोलाची. तिचा परिणाम मात्र लवकर ओसरतो आणि दाबामुळे एक-दोन दिवस दात चावताना हुळहुळतो. हाडाला सूक्ष्म छिद्र पाडून औषध थेट आत सोडण्याची पद्धतही आहे. ब्लॉक अपुरा पडल्यावर ती चांगली उपयोगी पडते. पण औषध चटकन रक्तात जाऊन काही मिनिटे छातीत धडधडते, याची रुग्णाला आधीच कल्पना दिलेली बरी.

औषधांतही भर पडली. आर्टिकेन १९७६ पासून जर्मनीत वापरात आले व २००० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते हाडातून अधिक चांगले झिरपते. त्यामुळे खालच्या पहिल्या दाढेच्या गालाकडील बाजूस त्याचे इंजेक्शन दिले असता लिग्नोकेनपेक्षा अधिक यश मिळते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले. वरच्या जबड्यात मात्र दोहोंतील फरक फार नाही, कारण तेथे लिग्नोकेनच पुरेसे असते. त्याच्या ४ टक्के द्रावणाने ब्लॉक देण्याविषयी काही तज्ज्ञ सावधगिरी सुचवितात. नवे औषध सर्वत्र श्रेष्ठ असते असे नाही. ते जेथे जुन्याची उणीव भरून काढते, तेथेच त्याचे मोल.

आता आरंभी सांगितलेल्या उशिराकडे वळावयाचे. भुलीच्या औषधाचे कण दोन रूपांत असतात आणि त्यांपैकी विद्युत्‌भार नसलेले रूपच मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरू शकते. निरोगी हिरडीत लिग्नोकेनचा सुमारे चौथा हिस्सा या रूपात असतो. जेथे सूज आणि पू आहे तेथे आम्लता वाढते आणि हा हिस्सा आणखी घटतो. शिवाय सुजेने डिवचलेला मज्जातंतू साध्या स्पर्शालाही पेटून उठतो. म्हणून रात्ररात्र ठणकणारी खालची दाढ हा दंतवैद्यापुढचा सर्वांत अवघड प्रसंग असतो. अशा वेळी दुखऱ्या जागेपासून दूर ब्लॉक देणे, जोडीला आर्टिकेनचे इंजेक्शन, मग सांध्यातील किंवा हाडातील भूल, अशी पायऱ्यापायऱ्यांनी वाटचाल करावी लागते. उपचारापूर्वी तासभर आयबुप्रोफेनसारखी सूज उतरविणारी गोळी दिल्यास ब्लॉकचे यश वाढते, असेही आढळले आहे. ती कोणाला चालेल हे मात्र दंतवैद्यानेच ठरवावे. सर्व उपाय थकले तर गर उघडून त्यातच औषध दाबाने सोडतात. क्षणभर तीव्र कळ येते आणि मग दात शांत होतो. हीच दाढ दोन महिन्यांपूर्वी, कीड वरवर असताना दाखविली असती, तर एका साध्या इंजेक्शनात आणि सिमेंटच्या भरणीत काम संपले असते.

सुईचे दुखणे कमी करण्याचे उपाय साधे आहेत. हिरडी पुसून कोरडी करावी, तिच्यावर बधिर करणारी जेली एक-दोन मिनिटे ठेवावी आणि औषध सावकाश सोडावे; मिनिटाला सुमारे एक मिलिलिटर हा वेग पुरे. १९९७ पासून संगणकाच्या नियंत्रणाने थेंबाथेंबाने औषध सोडणारी यंत्रेही मिळू लागली. त्यांचे मर्मही संथपणा हेच आहे, आणि तो धीराच्या हातालाही साधतो.

वडीलधाऱ्या सभासदांना एक शंका नेहमी असते: रक्तदाब किंवा हृदयविकार असताना हे इंजेक्शन चालते काय? अ‍ॅड्रिनलिन वगळले की लिग्नोकेनने दात जेमतेम पाच-दहा मिनिटे बधिर राहतो, आणि अर्धवट भुलीत वेदना झाली की शरीर स्वतःच त्याहून अधिक अ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडते. म्हणून आजार आटोक्यात असलेल्या हृदयरुग्णांत मर्यादित प्रमाणात ते चालते. ही मर्यादा एका भेटीस सुमारे ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे वर सांगितलेल्या मिश्रणाचे तीन मिलिलिटरच्या आसपास, धरली जाते. औषध सोडण्यापूर्वी पिचकारीचा दट्ट्या किंचित मागे ओढून सुई रक्तवाहिनीत नाही याची खात्री करणे अगत्याचे. रुग्णानेही आपले आजार, चालू गोळ्या, पूर्वी आलेली पित्ते किंवा घेरी, हे सर्व आधी सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. साधारणतः उपाशीपोटी जाऊ नये. लहान मुलांच्या बाबतीत घरच्यांनी दोन-चार तास लक्ष ठेवावे. बधिर ओठ ते गमतीने चावत बसतात आणि भूल उतरल्यावर जखम दिसते.

तेव्हा सर्वश्रेष्ठ पद्धत कोणती, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. वरच्या जबड्याला मुळाजवळचे साधे इंजेक्शन, खालच्या दाढांना ब्लॉक, न उघडणाऱ्या तोंडाला बंद तोंडाची पद्धत, रक्तस्रावाचा धोका असलेल्याला सांध्यातील भूल आणि ठणकणाऱ्या दाढेला यांपैकी अनेकांची जोड, असा हा विवेक आहे. त्याची अंतिम कसोटी मात्र रुग्णाचा अनुभव हीच. अनेक दंतवैद्य काम सुरू करण्यापूर्वी सांगतात, “दुखले तर डावा हात वर करा.” तो हात वर होताच काम थांबले पाहिजे आणि भूल पुन्हा तपासली गेली पाहिजे. रुग्णानेही सोसण्यात पुरुषार्थ मानू नये. हात वर करणे ही तक्रार नसून ती दंतवैद्याला हवी असलेली माहिती आहे. आणि ज्यांची दाढ आज केवळ थंड पाण्याने शिवशिवते आहे, त्यांनी ती ठणकेपर्यंत थांबू नये. आज तिला एक इंजेक्शन पुरेल.